आधी ‘का’ला उत्तर द्या

२२ डिसेंबर ही रामानुजन यांची जयंती, म्हणून राष्ट्रीय गणित दिन. त्या दिवशी आमच्या शाळांना गणिताचा जो पुळका येतो, तो बघण्यासारखा असतो. पायची रांगोळी, थर्माकोलची समीकरणं, पाढ्यांवर लेझीम, पाहुण्यांचं ‘गणिताला घाबरू नका’ छापाचं भाषण. दुसऱ्या दिवशी फळ्यावर पुन्हा तेच: ‘भागाकार आहे ना? मग दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा.’ का उलटा? ‘का ते परीक्षेत विचारत नाहीत. बस खाली.’

पोरं घाबरतात ती या ‘बस खाली’ला.

अर्ध्या भाकरीत पावभाग किती, हे चौथीतल्या पोराला विचारा. ते पटकन ‘दोन’ म्हणेल. एका भाकरीत चार, म्हणून अर्धीत त्याच्या निम्मे. उलटा करून गुणणं म्हणजे एवढंच. पण हे सांगायचं तर आधी गुरुजींना माहीत हवं!

पालकही कमी नाहीत. ‘माझंही गणित कच्चंच होतं’ हे पदक मिरवल्यासारखं सांगायचं आणि घाबरलेल्या पोराला अॅबॅकसच्या क्लासला घालायचं. तिथे घड्याळ लावून बेरजा. ज्याला विचाराला वेळ हवा, त्यालाच पैसे मोजून पळवायचं.

वेगळं काही करायला निधी नाही, हे तर शाळांचं ठरलेलं रडगाणं. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांना कुठला निधी होता? त्यांचा खेळ खडूवर चालतो. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरते लावा, चढते लावा, वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घ्या: ५४३२ − २३४५ = ३०८७. ८७३० − ०३७८ = ८३५२. ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे ६१७४च येत राहतं. कुठूनही निघा, फार तर सात वजाबाक्यांत तिथेच पोचता. हातच्याच्या वजाबाकीचा असा सराव कुठल्या स्वाध्यायात होतो? शिवाय मध्ये एखादी वजाबाकी चुकली, तरी पुढची गणितं बरोबर केली की गाडी बहुधा ६१७४लाच येते. चुकलेल्या पोराला वाटेत उतरवून न देणारं गणित! अमेरिकेत रंजक गणितावर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरनं १९७५ साली कापरेकरांवर लिहिलं. आमच्याकडे किती वर्गांत हा खेळ रंगला?

पालकहो, पुढच्या पालकसभेत गुण विचारू नका. अपूर्णांक उलटा का करायचा, ते विचारा. उत्तर मिळालं नाही, तर निदान घरी येऊन पोरावर डाफरू नका.