लोकसहभाग आणि आतुराचा चौथा गुण

'लोकसहभाग' हा शब्द आज शासनाच्या कोणत्याही योजनेच्या पुस्तिकेत पहिल्या-दुसऱ्या पानावरच भेटतो. पाणीपुरवठा असो, शाळा असो वा आरोग्य केंद्र असो, सर्वत्र समित्या आहेत, त्यांच्या बैठकांची इतिवृत्ते आहेत आणि इतिवृत्तांखाली सह्या व अंगठेही आहेत. शब्द जितका सुलभ झाला, तितका त्याचा अर्थ मात्र पातळ होत गेला. लोकांनी श्रमदान करावे, वर्गणी द्यावी, सभेला उपस्थित राहावे आणि सांगितले तसे वागावे, एवढाच त्याचा आशय उरला की काय, अशी शंका येते. आपल्या संघटनेचे अनेक सभासद प्राथमिक आरोग्य केंद्रांत गट-ब वैद्यकीय अधिकारी म्हणून, आदिवासी भागातील भरारी पथकांत आणि उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून सेवा बजावीत आहेत. यास्तव हा विषय केवळ राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांचा आहे, असे मानून आपणांस चालणार नाही.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास १९७० च्या दशकात अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात एलिनॉर ऑस्ट्रॉम व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. शहराभोवतीच्या लहान लहान पोलीस दलांचे एका मोठ्या दलात विलीनीकरण केल्यास सेवा अधिक चांगली मिळेल, असे मत त्या काळी तेथे रूढ होते. ऑस्ट्रॉम यांनी इंडियानापोलिस शहरातील वस्त्या आणि त्यांना लागून असलेली स्वतंत्र उपनगरे यांची तुलना केली, तेव्हा लहान दलांची सेवा मोठ्या दलाच्या तोडीची, किंबहुना अनेक बाबतींत सरस आढळली. सुरक्षितता ही पोलिसांनी एकट्यांनी तयार करून घरोघरी पोचविण्याची वस्तू नव्हे. संशयास्पद गोष्ट कळविणारा आणि प्रसंगी साक्ष देणारा नागरिक नसेल, तर दल कितीही मोठे असो, त्याचे हात तोकडेच राहतात. सेवा घेणारा हा सेवा घडविणाऱ्यांपैकीच एक असतो, हा विचार या अभ्यासातून पुढे आला. त्यास मराठीत 'सहनिर्मिती' म्हणता येईल.

१९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात ऑस्ट्रॉम यांनी ब्राझीलमधील सांडपाण्याच्या योजनेचे उदाहरण दिले. तेथील गरीब वस्त्यांत मलनिःसारणाची नळी परसातून न्यावी, अंगणातून न्यावी की पदपथाखालून न्यावी, याचा निर्णय त्या त्या गल्लीतील रहिवाशांनी एकत्र बसून घ्यावयाचा आणि गल्लीपुरत्या नळीची देखभालही त्यांनीच पत्करावयाची, अशी पद्धत होती. मुख्य वाहिनीचे काम शासकीय यंत्रणेकडे राहिले. खर्च कमी झाला आणि जेथे पूर्वी कोणी पोचत नव्हते तेथे सोय पोचली. मात्र लोकांना बोलवायचे आणि अभियंत्याने नकाशा आधीच ठरवून आणायचा, असे झाले तेथे योजना रखडल्याचेही अनुभव आहेत. ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते प्रामुख्याने सामुदायिक साधनसंपत्तीवरील कार्यासाठी होते, तरी त्या कार्याची बैठक हीच होती.

चिकित्सेच्या चतुष्पादाशी परिचित असलेल्या वैद्यास या विचारात परकेपणा वाटू नये. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चार पाद मिळून चिकित्सा सिद्ध होते, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितले आहे. म्हणजे रोगी हा चिकित्सेचा विषय तर आहेच, पण तिचा एक पादही आहे. अर्थात, एवढ्यावरून सहनिर्मितीचा आधुनिक सिद्धान्त आपल्या ग्रंथांत आधीच होता, असा दावा आम्ही करणार नाही. चरकाचार्यांपुढे एक आतुर होता आणि ऑस्ट्रॉम यांच्यापुढे नगरे होती. तरीही आतुराचे जे चार गुण तेथे सांगितले आहेत, ते प्रस्तुत विषयावर मोठा प्रकाश टाकतात. स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व हे ते गुण होत. यांतील निर्देशकारित्व, म्हणजे सांगितल्याप्रमाणे वागणे, हे सर्वांच्या ध्यानात राहते. पथ्य पाळत नाही म्हणून रुग्णाला बोल लावण्याची सवय सर्वच पॅथींच्या व्यवसायात आहे. ज्ञापकत्व, म्हणजे आपणांस काय होत आहे ते नीट सांगता येणे, हा चौथा गुण मात्र मागे पडतो. आमचे म्हणणे असे की, शासकीय लोकसहभागाचा रोगही नेमका हाच आहे. लोकांकडून निर्देशकारित्व मागितले जाते, ज्ञापकत्व मागितले जात नाही.

शेरी आर्नस्टाईन या अमेरिकन विदुषीने १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली. सर्वांत खालच्या पायरीवर लोकांना हाताळणे आहे आणि सर्वांत वरच्या पायरीवर लोकांचे नियंत्रण आहे. माहिती देणे, मत विचारणे व समजूत काढणे या मधल्या पायऱ्या त्यांनी दिखाऊ मानल्या, कारण तेथे लोक बोलतात, पण निर्णय बदलण्याची शक्ती त्यांच्याकडे नसते. वैद्यवर्गाने विशेष लक्ष द्यावे अशी गोष्ट म्हणजे खालून दुसऱ्या पायरीला त्यांनी 'उपचार' असे नाव दिले आहे. दोष व्यवस्थेत असताना लोकांनाच रुग्ण ठरवून त्यांना सुधारण्याचे कार्यक्रम आखणे, हा त्याचा अर्थ. दूषित पाण्याच्या गावात केवळ हात धुण्याचे व्याख्यान देऊन परतणे हे याच पायरीवरचे काम होय.

आता पुरावा काय सांगतो ते पाहू. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात २८० गावांत झालेला एक प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांचे सहकारी यांनी तो 'प्रथम' या मुंबईत सुरू झालेल्या संस्थेसमवेत केला. ग्राम शिक्षण समिती अस्तित्वात आहे, हेच बहुसंख्य पालकांना ठाऊक नव्हते, आणि काही सदस्यांनाही आपण सदस्य असल्याची कल्पना नव्हती. काही गावांत सभा घेऊन समितीच्या अधिकारांची माहिती दिली. काही ठिकाणी त्याखेरीज मुलांना वाचता येते की नाही याची चाचणी ग्रामस्थांकडूनच करविली. या दोन्हींनी शाळेत काहीच फरक पडला नाही. तिसऱ्या गटातील गावांत मात्र स्थानिक तरुणांना वाचनवर्ग घेण्याचे शिक्षण दिले होते. तेथे स्वयंसेवक पुढे आले आणि वर्गास येणाऱ्या मुलांच्या वाचनात स्पष्ट सुधारणा झाली. हाती ठोस काम आले तेव्हा लोक पुढे आले. केवळ देखरेखीचा हक्क कागदावर मिळाला, तेव्हा त्यांनी तो घरीच ठेवला.

झारखंड व ओडिशा येथील 'एकजूट' या संस्थेच्या प्रयोगाचे निष्कर्षही २०१० सालीच 'लॅन्सेट'मध्ये आले. गावातील स्त्रिया दरमहा एकत्र बसत. बाळंतपणात व नवजात बालकांच्या बाबतीत काय अडते हे त्या स्वतः सांगत, त्यांतील महत्त्वाच्या अडचणी निवडत, उपाय ठरवत आणि पुढे त्यांचा आढावाही घेत. अशा गावांत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ३२ टक्क्यांनी कमी आढळला. हीच पद्धत आशा कार्यकर्तींमार्फत राबविल्यावर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३१ टक्क्यांची घट दिसली. येथे औषध नवे नव्हते. नवे होते ते एवढेच की, सभेचा आरंभ उपदेशाने न होता स्त्रियांच्या सांगण्याने होत असे.

या पुराव्याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. युगांडातील ५० आरोग्य केंद्रांच्या परिसरात झालेला एक प्रयोग २००९ साली गाजला. ग्रामस्थ व कर्मचारी यांनी एकत्र बसून सुधारणेचा करार केल्यावर पाच वर्षांखालील बालमृत्यू ३३ टक्क्यांनी घटले, असे त्यात आढळले होते. पुढे त्याच देशात ३७६ केंद्रांवर तशाच स्वरूपाचा मोठा प्रयोग झाला. रुग्णांना मिळणारी वागणूक व त्यांचे समाधान यांत त्या वेळी थोडी सुधारणा दिसली, परंतु बालमृत्यूंत घट दिसली नाही. यास्तव लोकसहभाग हे सर्व रोगांवरील एकच रसायन आहे, अशी जाहिरात कोणी करू नये. द्रव्याचा साठा नसेल आणि पदे रिक्त असतील, तर एकटा चौथा पाद चिकित्सा सिद्ध करू शकत नाही.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेड येथे काम सुरू केले, तेव्हा फारशा न शिकलेल्या ग्रामीण स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडविले आणि गावाचे दुखणे गावाच्या तोंडून ऐकण्याची रीत घातली. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झाल्यानंतर २००७ पासून पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा कार्यक्रम हाती घेण्यात आला आणि पुढे तो आणखी काही जिल्ह्यांत गेला. गावकऱ्यांनी सेवांची पाहणी करून हिरव्या, पिवळ्या व लाल रंगांत प्रगतिपत्रक भरावयाचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडावयाचे, असे त्याचे स्वरूप होते.

अशा जनसुनवाईविषयी वैद्यकीय अधिकाऱ्यांत नाराजी असते, हे आम्ही जाणून आहोत. औषधे वरून येत नाहीत, रुग्णवाहिकेला चालक नाही, आणि बोलणी मात्र केंद्रावरच्या वैद्याने खायची, हा त्यांचा सल खोटा नाही. काही जण शास्त्राचाही आधार घेतात. चार पादांत वैद्य प्रधान आहे, कुंभार नसेल तर माती व चाक यांचा काय उपयोग, ही उपमा चरकाचार्यांचीच आहे, मग निर्णय वैद्याचाच असावा, असे त्यांचे म्हणणे असते. प्रधानत्व आम्हांस मान्य आहे. परंतु प्रधान म्हणजे एकटा नव्हे. मातीत खडा लागला तर कुंभाराला तो बोटांना जाणवतो आणि तो चाक थांबवतो. मातीने काही सांगू नये, असा हट्ट तो धरत नाही. शिवाय जनसुनवाईत लाल रंग भरला जातो तो पुष्कळदा साठ्याच्या व पदांच्या रकान्यात. म्हणजे केंद्रावरचा वैद्य जी तक्रार वर्षानुवर्षे वरिष्ठांना लिहीत असतो, तीच गाव मोठ्या आवाजात मांडत असते. तिला आरोप समजण्याऐवजी साक्ष समजणे अधिक शहाणपणाचे आहे.

ज्ञापकत्वाच्या जोडीला अभीरुत्व हवे, हेही विसरता येणार नाही. उद्या ज्याच्याकडून इंजेक्शन घ्यायचे आहे, त्याच्याविरुद्ध आज सभेत बोलण्यास गरीब माणूस कचरतो. वस्तीवरची स्त्री सरपंचांसमोर गप्प बसते. त्या शांततेला समाधान मानणे म्हणजे लक्षण दबले म्हणून रोग गेला असे मानणे होय. अभय देणे हे सेवा देणाऱ्याचे कर्तव्य आहे. त्याचबरोबर कोणा रुग्णाची खासगी बाब भर सभेत येणार नाही, याची काळजीही त्यानेच घ्यावयाची आहे.

सहभागाच्या नावाखाली शासनाचा भार लोकांवर टाकला जातो, हा आक्षेपही रास्त आहे. आशा कार्यकर्तींचे उदाहरण समोर आहे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. परंतु त्यांना 'स्वयंसेविका' म्हणत कामावर आधारित मोबदल्यावर राबविले गेले आणि महाराष्ट्रातच २०२१ व २०२३ मध्ये त्यांना संपावर जावे लागले. उपस्थात्याला उपाशी ठेवून चिकित्सा यशस्वी करण्याचा उपाय कोणत्याही शास्त्रात नाही.

उपकेंद्र पातळीवरील जन आरोग्य समितीचा सदस्य-सचिव समुदाय आरोग्य अधिकारी असतो. म्हणजे पुष्कळ ठिकाणी इतिवृत्ताची लेखणी आपल्याच सभासदांच्या हाती आहे. या लेखणीसाठी आमच्या सूचना साध्या आहेत. बैठकीचा पहिला विषय शासकीय परिपत्रकाचे वाचन हा नसावा. गावाला काय सांगायचे आहे, हा असावा. जे सांगितले गेले ते त्याच शब्दांत लिहावे, आणि त्याचे काय झाले, किंवा का झाले नाही, याचे उत्तर पुढील बैठकीत प्रथम द्यावे. केंद्रात उपलब्ध असलेल्या व संपलेल्या औषधांची यादी मराठीत दर्शनी भागी लावावी, म्हणजे रिकाम्या कपाटाचा राग वैद्यावर निघणार नाही. आपल्या जिल्हा शाखांनी जनसुनवाईस आपला एक प्रतिनिधी धाडावा आणि त्याने तेथे प्रथम ऐकावे. आशांच्या मानधनाच्या प्रश्नावर संघटनेने जाहीर भूमिका घ्यावी, असाही आमचा आग्रह आहे.

चिकित्सेच्या आरंभी वैद्य प्रश्नपरीक्षा करतो आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबतो. गावाच्या बाबतीतही तेवढे थांबण्याची तयारी असेल, तरच समितीच्या फलकावर 'लोकसहभाग' हा शब्द रंगवावा.