आधी मानेतला पट्टा, मग लगाम

नवशिक्या स्वाराच्या हातात पहिल्याच दिवशी लगाम देणे बंद झाले पाहिजे. घोडदळात असताना मी रिक्रूटांना स्वारी शिकवली, आता पुण्याजवळ शाळकरी मुलांना शिकवतो, आणि माझे हे मत दरवर्षी अधिक पक्के होत गेले आहे.

लगामाऐवजी त्याला द्यायचा तो पट्टा. रिकिबीचा एखादा जुना चामडी पट्टा घोड्याच्या मानेभोवती सैलसर बांधायचा. पुढे न वाकता स्वाराचा हात पोहोचेल, इतपत जवळ ठेवायचा. घोड्याने मान खाली घातली तर तो कानांकडे घसरतो, म्हणून खोगिराच्या पुढच्या कडीला छोट्या दोरीने अडकवायचा. खर्च जवळजवळ काही नाही.

लगामाचे दुसरे टोक घोड्याच्या तोंडात असते, हे शिकणाऱ्याला दिसत नाही. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. बिट, म्हणजे लगामाला जोडलेली तोंडातली कांब, तिथे बसते, आणि तिथे हाडावर पातळ हिरडीचेच काय ते आवरण. घोडा दुडकी धरतो, नवा स्वार उडतो, घाबरतो आणि हातात असेल ते ओढतो. पावला-पावलाला त्या हिरडीवर झटका बसतो. घोडा डोके वर फेकतो, पाठ ताठ करतो, आणि ताठ पाठीवर स्वार आणखीच उडतो. मग पोरगे घरी जाऊन सांगते की घोडा खट्याळ होता.

आपल्याकडे तर धोका दुहेरी आहे. पुण्या-मुंबईकडच्या क्लबांत रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड पुष्कळ असतात. लगाम घट्ट झाला की त्यावर तोंडाचा भार टाकून जोरात पळायचे, ही त्यांची शर्यतीतली सवय. घाबरलेले मूल थांबण्यासाठी ओढते आणि घोडा वेग वाढवतो.

पट्ट्याचा उपयोग केवळ आधारापुरता नाही. मांड बसवण्याचे तेच सर्वांत चांगले साधन आहे. दोन बोटे पट्ट्यात अडकवून हलकेच वर ओढून पाहा. बैठकीची हाडे खोगिरात खाली रुततात, खांदे मागे येतात, मांड्यांची पकड सैल होते आणि टाच उतरते. कान, खांदा, कंबर, टाच एका रेषेत यावी म्हणून आम्ही उस्ताद मैदानभर ओरडत असतो. पट्टा धरल्यावर ती रेष मुलाला आतून कळते. कळली की पट्टा सोडायचा, हरवली की पुन्हा धरायचा. या काळात घोडा माझ्या हातातल्या लंजच्या दोरीवर गोल फिरतो, त्यामुळे वेग आणि दिशा मी सांभाळतो. नंतर रिकिबीही काढून घेतो. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नवे उमेदवार आजही असेच लंजवर, रिकीब आणि लगाम यांच्याशिवाय मांड कमावतात.

ही कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीसच्या झेनोफोनने अश्वविद्येवर पुस्तक लिहिले, तेव्हा तिथे रिकीब नव्हती. खुर्चीत बसल्यासारखे बसू नका, पाय फाकून ताठ उभे राहिल्यासारखे बसा, असे तो सांगतो. उडी किंवा चढ आला की आयाळ धरा, म्हणजे अवघड जमिनीच्या जोडीला बिटचा त्रास घोड्याला होणार नाही, असेही सांगतो. आमचा पट्टा म्हणजे तीच आयाळ. क्रॉस-कंट्रीतले अनेक कसलेले स्वारही मानेचा पट्टा वापरतात.

बाजारात खांदे मागे खेचणारी इलॅस्टिकची जाकिटे मिळतात. खांदे मागे राहतात खरे, पण कंबर आखडते, आणि जाकीट उतरले की पोक परत येतो. कोपरांतून पाठीमागे काठी अडकवण्याची जुनी पद्धत मला अजिबात मान्य नाही. पडताना हात मोकळे हवेत. स्वाराला खोगिराशी किंवा रिकिबीशी बांधणारे साधन तर कोणीही वापरू नये. पडलेला स्वार फरफटत जाऊ शकतो.

एका क्लबच्या व्यवस्थापकाने मला सांगितले होते, पट्टा नको, मूल घाबरट दिसते आणि पालकांना फोटो आवडत नाहीत. त्या क्लबातल्या एका घोडीच्या ओठांचे कोपरे फाटलेले होते. फोटोसाठी ही किंमत मोजायला मी तयार नाही.

2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्ण जिंकले. मुंबईचा हृदय छेडा त्या संघात होता. घोडेस्वारीतले हे आपले 41 वर्षांनंतरचे सुवर्ण. तेव्हापासून पालक मला विचारतात, आमचे मूल उड्या कधी मारणार? ड्रेसाजमध्ये उडी नसतेच. तिथे गुण मिळतात ते स्थिर मांड आणि शांत हात यांतून साधलेल्या चालीला. ते शांत हात पहिल्या महिन्यांत घडतात किंवा बिघडतात.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. पैसे भरण्याआधी नवशिक्यांचा एक तास उभे राहून पाहा. घोड्यांच्या ओठांचे कोपरे पाहा, लंजची दोरी कुणाच्या हातात आहे ते पाहा. घोड्याच्या मानेत पट्टा दिसला नाही तर तो मागा. द्यायला तयार नसतील, तर मुलाला त्या घोड्यावर बसवू नका.