तीस दिवसांची भरपाई

"सही केलीस ना? मग आता भोग!" फ्रँचायझी घेऊन बुडालेल्या माणसाला आपल्याकडे हे हमखास ऐकवलं जातं. आमच्या घरातही ऐकवलं जातं. (नावं लिहीत नाही, वाचताय तुम्ही सगळे!) मंडळी, मला हे अजिबात मान्य नाही.

आपल्या देशात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही. सगळी भिस्त १८७२ च्या करार कायद्यावर. त्यातलं कलम ७३ सांगतं, करार मोडणाऱ्याने त्यातून ओघानेच होणारं नुकसान भरून द्यावं. दूरान्वयाने झालेलं मात्र नाही. वाचायला किती छान! पण १९९० चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल बघा, इंडियन ऑइल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस. ती गॅसची एजन्सी होती, फ्रँचायझी नव्हे. पण दुखणं तेच. १९७६ चा करार कंपनीने १९८३ मध्ये रद्द केला. लवाद म्हणाला, रद्द करणं चूक, एजन्सी परत द्या. न्यायालय म्हणालं, करारात कोणीही तीस दिवसांची नोटीस देऊन, कारण न सांगता बाहेर पडू शकतो. तेव्हा एजन्सी परत नाही, भरपाई मिळेल ती तीस दिवसांच्या कमाईएवढी. म्हणजे चूक कंपनीची, सात वर्षांची मेहनत एजन्सीवाल्याची, आणि हातात काय? एका महिन्याचे पैसे!

"कलम दोघांना सारखंच आहे की," असं आमचे एक वकील स्नेही म्हणतात. कागदावर सारखं हो! माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने बालवाडीची फ्रँचायझी घेतली. बायकोचे दागिने गहाण, जागेचं डिपॉझिट, रंगीत खुर्च्या, घसरगुंडी. तिसऱ्या वर्षी कंपनीची नोटीस आली. कंपनीच्या नकाशावरचा एक ठिपका पुसला गेला, याच्या डोक्यावर बँकेचे चार वर्षांचे हप्ते राहिले. तो तरी तीस दिवसांत कसा बाहेर पडणार होता? घसरगुंडी डोक्यावर घेऊन?

आणि वाटाघाटी म्हणाल तर छापील करारातला स्वल्पविराम बदलायची सोय नसते. शिवाय "तोंडी आश्वासनं धरली जाणार नाहीत" हे वाक्य तिथे असतंच, आणि नफ्याचे आकडे नेमके तोंडीच सांगितलेले असतात. अमेरिकेत, सही किंवा पैसे घेण्याच्या निदान १४ दिवस आधी कंपनीला आपले कोर्टातले दावे, बंद पडलेल्या शाखा, सगळं लेखी द्यावं लागतं. असा नियम तिथे १९७९ पासून आहे. आपल्याकडे का नसावा?

माझी मागणी याहून थोडी पुढची आहे. कारण न देता करार तोडायचा तर खुशाल तोडा, पण समोरच्याने तुमच्याच सांगण्यावरून घातलेलं आणि अजून वसूल न झालेलं भांडवल परत करा, आणि हे कायद्यात लिहा. तोवर घरातलं कोणी सही करायला निघालं असेल, तर आधी नोटिशीचं कलम शोधा. ते बहुधा शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या पानावर, बारीक टाइपात असतं. चष्मा न्या.