नोंद करा, निवड करू नका

आलापल्लीहून शेवटची एसटी पकडून एटापल्लीत उतरलो, तेव्हा अंधार पडला होता. लॉजवाला म्हणाला, "या, खोली आहे." मी आधारकार्ड पुढे केलं. नाव वाचून तो म्हणाला, "अरे, विसरलोच. सगळं फुल आहे." त्याच्या मागे फळीवर किल्ल्या तशाच लटकत होत्या. रात्र मी बसस्थानकाच्या बाकावर काढली.

मित्रांचा सल्ला ठरलेला, "आधी बुकिंग करायचं ना!" मला तो मान्य नाही. बुकिंग करतानाही नाव सांगावंच लागतं. दारातला नकार मग फोनवर मिळतो, एवढाच फरक. चूक न कळवता आलेल्या प्रवाशाची, की किल्ली असून दार बंद करणाऱ्याची?

"लॉज माझा, मर्जी माझी," असं कुणी म्हणेल. संविधानाचं कलम १५(२) वाचा. केवळ धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थानावरून कुणालाही दुकानात, उपाहारगृहात, हॉटेलात प्रवेश नाकारता येत नाही. तिथे मर्जी संपते.

कुरआनने जकातीच्या आठ हक्कदारांत वाटसरूही मोजला आहे. आणि याच तालुक्यातल्या माडिया गावांत गोटुल असतं. पाहुणा तिथे रात्र काढू शकतो. ज्यांना आपण मागास म्हणतो, त्यांना हे कळतं.

ओळखपत्र पोलिसांच्या नोंदीसाठी मागता ना? मग खुशाल नोंद करा. पण त्यावरून माणसं निवडू नका.

पुढच्या वेळीही मी बुकिंग न करताच येणार आहे.