स्पीकर कोणाच्या कानाने घ्यावा?

परवा नातवाने आणलेला स्पीकर मला दबका वाटला. मी ट्रेबल वाढवला, तर त्याने कानांवर हात ठेवले! दोघेही खरेच. तरुण कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. वय वाढले की आधी हे वरचे, बारीक आवाज जातात. तंबोऱ्याच्या जवारीची झणक, 'स'-'श'ची धार तिथेच विरते. अंबडच्या दत्तजयंती संगीत महोत्सवात ऐकलेला तंबोरा माझ्या डोक्यात अजून तसाच आहे. तो स्पीकरमधून यावा म्हणून ही खटपट. म्हणून म्हणतो मंडळी, वॅटचे आकडे आणि दुकानदाराचा कान बाजूला ठेवा. ओळखीचे गाणे घेऊन जा, स्वतः ऐका. सूनबाई म्हणतात, आधी कान तपासून घ्या. घेईन की! तोवर दुपारचा ट्रेबल माझा.