मध्यममार्ग की निम्मानिम्मी?

दोन पक्ष हातघाईवर आले म्हणजे तिसरा कोणी शहाणा पुढे होऊन 'थोडे याचे घ्या, थोडे त्याचे घ्या' असा निवाडा देतो, आणि अशा निवाड्यासच मध्यममार्ग म्हणण्याची आपल्याकडे चाल पडली आहे. या समजुतीतील फोलपणा ज्यास पाहावयाचा असेल त्याने कॅथलिक पंथातील सनातनी व सुधारक यांचा चालू वाद अवश्य पाहावा. परक्याच्या घरच्या भांडणात आम्ही का पडावे, असे कोणी विचारील. परंतु या भांडणाचे मूळ आम्हां हिंगोलीकडील लोकांस चांगले ओळखीचे आहे. औंढ्यास नागनाथापुढे नामदेव कीर्तन करीत असता पुजाऱ्यांनी त्यांस देवळामागे घालविले, तेव्हा देऊळच फिरून भक्ताकडे झाले, अशी आख्यायिका आहे. देवळाच्या पाठीमागे राहिलेला नंदी तिची साक्ष म्हणून आजही दाखवितात. तत्त्वाचा तेथे काहीच वाद नव्हता. कोणी कोठे उभे राहावे, एवढीच काय ती तक्रार!

जवळजवळ याच तक्रारीवरून केरळातील सिरो-मलबार मंडळींत अलीकडे रण माजले. ही मंडळी पोपचे शासन मानणारी, पण विधी पूर्वेकडील परंपरेचा पाळणारी. मिस्सा चालू असता धर्मगुरूने लोकांकडे तोंड करावे की वेदीकडे? १९९९ साली त्यांच्या बिशपांच्या धर्मसभेने तोड काढली ती अशी: आरंभीचा भाग लोकांकडे तोंड करून, अर्पणाचा मुख्य भाग वेदीकडे आणि शेवट पुन्हा लोकांकडे. २०२१ साली हीच तोड सर्वांवर सक्तीची झाली. फळ काय मिळाले? डिसेंबर २०२२ मध्ये, ऐन नाताळच्या तोंडावर, एर्नाकुलमच्या सेंट मेरी बॅसिलिकेत भर वेदीपाशी धक्काबुक्की झाली. यासच आम्ही निम्मानिम्मी म्हणतो. विधीचे तुकडे करून एकेक तुकडा एकेका पक्षाच्या पदरात टाकला म्हणजे मिळालेल्या अर्ध्याचा आनंद कोणासच होत नाही. गेलेल्या अर्ध्याचा संताप मात्र दोघांसही होतो.

वास्तविक याहून चांगला कित्ता घरातच होता. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी २१४७ विरुद्ध ४ मतांनी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला. लॅटिन राखावी असेही त्यात आहे आणि लोकभाषेस वाव द्यावा असेही आहे. सनातनी दुसरे कलम विसरले, सुधारक पहिले विसरले. आणि धर्मगुरूने लोकांकडे तोंड करावे असे तर त्यात अक्षरही नाही, हे पुष्कळ सुधारकांच्या गावीही नसते.

लॅटिनवाचून धर्म बुडेल म्हणणारास आमचा प्रश्न असा की, येशू कोणती भाषा बोलत असे? अरामी. रोममधील आद्य ख्रिस्ती मंडळी उपासना करीत ती ग्रीकमध्ये. पुढे लोकांस ग्रीक कळेनासे झाले तेव्हा लॅटिन आली. म्हणजे आजची ही देववाणी त्या काळची प्राकृतच होय! ज्या पाचव्या पायसची १५७० सालची मिस्सा हे लोक शिरोधार्य मानतात, त्यानेही दोनशे वर्षांहून जुन्या स्थानिक विधींस हात लावला नाही. आणि आज्ञापालनाचा डांगोरा पिटणाऱ्या लफेव्र या आर्चबिशपाने १९८८ साली पोपची आज्ञा मोडून चार बिशप अभिषिक्त करावे, यास काय म्हणावे?

सुधारकांचा आग्रहही तितकाच आंधळा आहे. जुन्या मिस्सेस सोळाव्या बेनेडिक्ट यांनी २००७ साली जी मोकळीक दिली, ती २०२१ साली फ्रान्सिस यांनी आवळली, तेव्हा सुधारकांनी टाळ्या वाजविल्या. जगातील सर्व तऱ्हांस जागा द्या म्हणणारांस आपल्याच आज्यापणज्यांची तऱ्हा तेवढी सोसवत नाही, ही कोठली उदारता?

मध्यममार्ग हा दोन टोकांच्या मधोमध मोजून सापडत नसतो. तत्त्व कोणते आणि उपचार कोणता, याचा विवेक ज्यास आहे त्यासच तो सापडतो. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापून निघाले. सुमारे अकरा हजार मराठी ओव्या. त्यात रोमच्या सिद्धांतास रेसभरही ढिलाई दिलेली नाही. पण छंद ओवीचा आणि स्वर्गास शब्द वैकुंठ. तत्त्वाविषयी हा मनुष्य पुरता सनातनी, उपचाराविषयी पुरता उदार. त्याच गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषेवरच घाला घातला, आणि त्या फर्मानाने धर्म किती दृढ झाला हे इतिहासास ठाऊक आहे.

आता कोणी म्हणेल, भाषा व दिशा यांचे ठीक. पण तत्त्व कोठे संपते आणि उपचार कोठे सुरू होतो हाच जेथे वाद, तेथे काय? आक्षेप खरा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये रोमने समलिंगी जोडप्यांस विधीविना आशीर्वाद देण्याची मुभा दिली. विवाहाचा सिद्धांत मात्र आहे तसाच राहील असे बजाविले. आफ्रिकेतील बिशपांस ते मानवले नाही. आपल्याकडे हे चालणार नाही असे त्यांनी जानेवारी २०२४ मध्ये कळविले, आणि रोमने ते चालू दिले. तर्कशास्त्र्यास हे विसंगत वाटेल; आम्हांस ते शहाणपणाचे वाटते. जेथे रेषा अद्याप पुसट आहे तेथे ती दंडुक्याने आखू नये.

एर्नाकुलमासही अखेर हेच करावे लागले. जुलै २०२५ पासून तेथील प्रत्येक चर्चमध्ये रविवारी एक मिस्सा धर्मसभेच्या रीतीने आणि बाकीच्या लोकाभिमुख, असे ठरले. यात विधी अखंड राहिला आणि जागा मात्र दोघांस मिळाली. आमचा त्या बिशपांस एवढाच सवाल आहे की, जे २०२५ साली देता आले ते २०२१ साली देण्यास काय हरकत होती?