ऊर्जासुरक्षा : तारापूरचा धडा आणि कोराडीची राख

नागपूरच्या उत्तरेस असलेली कोराडीची धुरांडी आपणां सर्वांच्या परिचयाची आहेत. तेथील ६६० मेगावॅटच्या तीन संचांची वीज राज्यभर जाते. या विजेमागे अर्थकारणाबरोबरच आंतरराष्ट्रीय राजकारणाचा एक कठोर विचारही आहे.

त्यास वास्तववाद म्हणतात. राष्ट्रांच्या वर न्याय देणारा वा रक्षण करणारा कोणी नाही. म्हणून प्रत्येक राष्ट्राला अखेर स्वतःच्याच बळावर विसंबावे लागते, असे केनेथ वॉल्ट्झ या अमेरिकी विचारवंताने १९७९ साली मांडले.

महाराष्ट्राने हा अनुभव त्याआधीच घेतला होता. आजच्या पालघर जिल्ह्यातील तारापूर अणुवीज केंद्र अमेरिकेशी १९६३ साली झालेल्या करारानुसार उभे राहिले व १९६९ मध्ये सुरू झाले. इंधन अमेरिकेकडूनच येणार होते. परंतु १९७४ मध्ये भारताने पोखरण येथे अणुचाचणी केली, १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला आणि करार असूनही पुरवठा अडला. अखेर १९८२ मध्ये फ्रान्सने इंधन देण्याचे मान्य केले.

आजही भारत आपल्या गरजेपैकी ८० टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. अशा देशाला विदर्भाचा कोळसा मोठा आधार वाटावा, यात नवल नाही. हा कोळसा कोणतेही परके सरकार अडवू शकत नाही. हा युक्तिवाद आम्ही नाकारीत नाही.

तथापि वास्तववाद राष्ट्राला एकसंध मानतो. राष्ट्रातील नेमकी कोणती माणसे किंमत मोजतात, हे त्याच्या हिशेबात येत नाही. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राख तलावाचा बांध फुटला. राख शेतांत पसरली, कोलार व कन्हान नद्यांत मिसळली. कन्हानचे पाणी नागपुरातील अनेक घरांत प्यायले जाते.

कोराडीत आणखी दोन संच उभारण्याच्या प्रस्तावावर मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली. अशा वेळी 'देशाला वीज हवी' एवढेच उत्तर पुरेसे नाही, असे आम्हांस वाटते. राखेची सुरक्षित विल्हेवाट, शुद्ध पाणी आणि शेतकऱ्याला वेळेवर भरपाई हीदेखील सुरक्षाच होय. परक्यांच्या दडपणापासून मुक्त झालेल्या देशाने आपल्याच गावांना निराधार सोडले, तर ती सुरक्षा कोणाची, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.